बावीस घरांची सुपारी

गावाचं नाव विचारू नका. कल्याणच्या अलीकडे की पलीकडे, तेही नाही सांगणार. त्या दिवशी ज्यांची तोंडं पाहिली त्यांची पोरं आज तिथे कोट-पागोटी घालून हिंडतात, आणि मला अजून त्याच वाटेने पाण्याला जायचं असतं. नवऱ्याचं नाव मात्र घ्यावं लागणार. उखाण्याशिवाय जन्मात कधी घेतलं नाही, पण ही सगळी गोष्टच त्याच्या नावाची, तर काय करू? धाकू. घेतलं एकदाचं. मी त्याची बायको, बायजा. आमची मिठागरवाडी, घरं बावीस.

चौदा वर्षं झाली. त्या साली सरकारने ठरवलं की मुनशिपालटीचे काही मेंबर आता लोकांनीच निवडायचे. लोकांनी म्हणजे सगळ्यांनी नव्हे हो! ज्याच्या घराला पट्टी, त्याला मत. आमच्या बावीसही घरांना पट्टी होती. पट्टी बसवायला आलं की मुनशिपालटीला आमची वाडी अंधारातसुद्धा सापडायची. विहीर मागितली की कुणाला वाट ठाऊक नसायची.

सगळं त्या विहिरीपायीच. वाडीतली जुनी विहीर मचूळ झाली होती, तिच्या पाण्यात डाळ शिजत नव्हती की पोरांची पोटं ठिकाणावर राहत नव्हती. गोड पाणी पेठेतल्या तळ्यावर. तिथे पेठेतल्या बायकांच्या कळश्या भरून होईस्तोवर आम्ही वरच्या पायरीवर उभं राहायचं. दोनदा गरोदरपणी मी तशी उभी राहिले आहे. धाकूने दोन अर्ज लिहिले, त्याला थोडं मोडी येत होतं. दोन्ही अर्जांना एकच उत्तर: बघू. तेव्हा तो म्हणाला, "अर्ज वाचणाऱ्यांत आपला एक माणूस बसल्याबिगर विहीर व्हायची नाय." वाडी म्हणाली, मग तूच बस.

आमच्या वॉर्डाला एकच मेंबर. पेठेतून दोघे उभे राहिले. एक महिपतशेट कापडवाले आणि एक वकील. खरं मत घ्यायला ठाण्याहून साहेब येणार होता. पण पेठ म्हणाली, साहेबासमोर भांडणं नकोत, आपलं आपण आधी ठरवू. वॉर्डातल्या सगळ्या मतदारांनी बसायचं, तिघांच्या नावाची तीन तबकं मांडायची, आणि ज्याने त्याने आपल्या हाताने आपल्या माणसाच्या तबकात एक सुपारी ठेवायची. ज्याच्या तबकात जास्त सुपाऱ्या त्याचंच नाव साहेबाकडे जाणार, बाकीच्या दोघांनी मागे सरायचं. हा काही सरकारचा कायदा नव्हता, पेठेचा होता. पण सगळ्यांनी बेलभंडारा उचलून तो मान्य केला. धाकूने उचलला, वकिलाने उचलला, शेटनेही उचलला.

आता बघा, पेठेची मतं तीस-एकतीस, ती दोघांत फुटणार. आमची बावीस, सगळी एका तबकात. धाकूचं नाव साहेबाकडे जाणार हे आमच्या शेंबड्या पोरांनाही कळलं होतं. जे शेंबड्या पोरांना कळलं ते पेठेला कळलं नसेल काय? पण तेवढी अक्कल तेव्हा आम्हाला नव्हती.

बैठक दिवाळीच्या पाडव्याला, ऊन कलल्यावर, महिपतशेटच्या वखारीत ठरली. शेट स्वतः वाडीत सांगायला आला. ओट्यावर बसला, आमच्या विहिरीचं मचूळ पाणी तोंड वाकडं न करता प्यायला आणि म्हणाला, "धाकू, तुझं तबक माझ्या तबकाला लागून मांडतो बघ." काय सांगू, मला तो माणूस देवासारखा वाटला. तो गेल्यावर ज्या तांब्यातून तो प्यायला तो मी दोनदा घासून फळीवर मांडून ठेवला. माझ्यासारखी मूर्ख मीच!

दिवाळीच्या आधी आठ दिवस माझा भाऊ राघो जेवायला आला. खाडीपलीकडे माझं माहेर. राघोचा मचवा होता, आमचं मीठ भरून तो बंदराला न्यायचा. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो माझ्या कडेवर होता, म्हणजे भाऊ कसला, माझा पहिला पोरच म्हणा. त्या दिवशी पंगतीला तिघे होते: धाकू, राघो आणि शेजारचा नाथा. नाथा पावसाळ्यात मिठागर बंद असलं की शेटच्या वखारीत गठ्ठे वाहायला जायचा, हेही आत्ताच सांगून ठेवते.

राघोने विचारलं, "पाडव्याला तर उधाण ना रे दाजी?"

धाकूला आगराबद्दल विचारलं की झालं, भात निवला तरी गडी बोलत राहणार. तो म्हणाला, "पावसानंतरचं पहिलं मोठं उधाण. बांध अजून भिजलेला, खेकड्यांनी पोखरलेला. भर दुपारी पाणी चढणार. बांधातल्या उघाडीचं दार वर घेऊन आगरात पहिलं पाणी घ्यायचं, बेताचं झालं की दार पाडायचं. आणि पाणी उतरेपर्यंत प्रत्येक घरचा गडी बांधावर. मधल्या दोन घटका घरात कोणी मेलं तरी आम्हाला हलता येत नाय. बांधाला खांड पडली तर आगर गेलं, आणि पलीकडे कापायला आलेलं भात पण गेलं."

"नशीब, बैठक कलत्या उन्हाची हाय," राघो म्हणाला आणि त्याने आणखी कालवण मागून घेतलं. मी वाढलं.

पाडव्याच्या सकाळी वाडीतल्या बायका एकेक करून माझ्याकडे आल्या. प्रत्येकीने आपल्या घरची सुपारी माझ्या हातात दिली, का तर बांधावर चिखलात कुठे पडायला नको. नाथाची बायको ठमाबाई हिने तर सुपारीला हळदकुंकू लावून आणली. "तुझ्या धन्याचं नाव लागू दे गो, मग तळ्यावरच्या त्या पायरीला मी नारळ फोडीन," म्हणाली. बावीस सुपाऱ्यांची पुरचुंडी मी कमरेला खोचली. त्या दिवशी मी कुबेराची बायको होते.

दुपारी पाणी चढायला लागलं. आम्ही बायका मातीच्या टोपल्या वाहत होतो, गडी बिळं बुजवत होते, धाकू आणि नाथा उघाडीवर. आगरात पाणी बेताचं झालं, दोघांनी दार पाडलं. बाहेर खाडी बांधाच्या काठाला लागली. आणि बरोबर तेव्हाच पेठेचा नाईक दगडू बांधाच्या टोकाला येऊन ओरडला, "बैठक बसली! वकिलांना दुपारच्या गाडीने जायचंय, म्हणून वेळ आधी घेतली. यायचं तर आत्ता या! ऊन पश्चिमेला झुकायच्या आत तबकं उचलणार!"

एकवीस गडी धाकूकडे बघत होते आणि धाकू पाण्याकडे. नाथा म्हणाला, "धाकू, तू जा. दहा जण घेऊन जा. मी धरतो उघाडी."

"दहा गेले तर बांध राहील?" धाकूने विचारलं.

नाथाने मान हलवली, नाय म्हणून. खोटं त्याला बोलता येत नव्हतं.

"बांध सोडायचा नाय," धाकू म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. नवऱ्याला मारताना बघितलंय, दारू पिताना बघितलंय, पण तसं तोंड मी त्याचं कधी बघितलं नव्हतं. टोपली तिथेच टाकली आणि पेठेकडे धावत सुटले.

वखारीत पांढरीशुभ्र बैठक घातली होती. समोर तीन तबकं, तिन्हींना झेंडूची माळ. वकिलाच्या तबकात चार-पाच सुपाऱ्या, शेटच्या तबकात ढीग. म्हणजे पेठेने फूटसुद्धा आधीच मिटवली होती! आणि धाकूचं तबक, शब्द दिल्याप्रमाणे शेटच्या तबकाला लागून, घासूनपुसून लखलखीत, रिकामं. गुडघाभर चिखलाने मी दारात उभी राहिले आणि पुरचुंडी सोडली. "बावीस घरांच्या सुपाऱ्या आणल्यात. मोजून घ्या."

कोणीतरी हसलं. वकील म्हणाला, "बाई, ज्याचं मत त्याचा हात. बाईच्या हातची सुपारी कशी घेणार? आणि तीही बावीस जणांची?"

"त्यांचे हात बांधाला लागलेत! तुमचंच भात वाचवतायत तिकडे! वेळ ऊन कलल्यावरची ठरली होती ना? बेलभंडारा उचलला होता ना?"

महिपतशेट उठून दारापर्यंत आला. आवाज किती गोड! म्हणाला, "बाई, रागावू नका. बोलावणं पाठवलं होतं, आता नियम तो नियम. तुम्ही परत जा. अजून घटकाभर पाणी चढायचं आहे, तिथे तुमची गरज आहे."

मी मागे फिरले. रस्त्याच्या मध्यावर आले आणि पाय थांबले. कापड फाडणारा माणूस, खाडी त्याने पुलावरून बघितली असेल तेवढीच. अजून घटकाभर चढायचं आहे, हे त्याला कोणी सांगितलं? बांधावरच्या माणसाला जी घटका हलू देत नाही, नेमकी तीच घटका धरून दगडूला कोणी धाडलं? ती वेळ धाकूने तोंडाने सांगितली ती एकदाच, माझ्या घरात, माझ्या हातचं जेवताना. वाडीला ती ठाऊकच, पण वाडीबाहेर ऊठबस असलेले ऐकणारे दोघेच. त्यातला एक माझा भाऊ. तो तर नव्हेच. मग राहिला कोण?

बांध राहिला. पाणी उतरलं, गडी चिखलाने माखलेले वाडीत आले. मी ओट्यावर उभी राहून सगळ्यांदेखत ओरडले, "वेळ कोणी सांगितली ते मला ठाऊक हाय! माझ्या पंगतीला बसून माझ्या नवऱ्याचं नाव विकलं! पावसाळाभर शेटचे गठ्ठे कोण वाहतो?"

साऱ्या वाडीने नाथाकडे बघितलं. मग एकजण म्हणाला, "आणि धाकूला बांधावरून जा जा कोण म्हणत होता? बांध फुटला असता म्हणजे शेटची दिवाळी!" बघा, माणसाचा चांगला शब्दसुद्धा कसा उलटा टांगता येतो. नाथा तोंड उघडून उभा होता. "बायजा, मी?" एवढंच म्हणाला. ठमाबाई माझ्यासमोर येऊन रडायला लागली, तर मी तिच्या तोंडावर दार लावलं. धाकू विहिरीवर जाऊन पाय धूत बसला.

संध्याकाळी बायका आल्या आणि आपापल्या सुपाऱ्या घेऊन गेल्या. माझ्या घरची मी रागाने उकिरड्यावर फेकली. ठमाबाई आली नाही. तिची एक राहिली, हळदकुंकवाची.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज.

राघो सकाळीच आला, नवं मुंडासं बांधून. दरवर्षी तो मला एक खण आणायचा, आणि मला तो पुरायचा. ह्या वेळी काखेतून लुगडं काढलं. हिरवंगार, रुंद तांबड्या काठाचं. वाडीत कोणाच्या लग्नातसुद्धा तसं आलं नव्हतं. "हे कुठून रे?" मी विचारलं. "घेतलं," म्हणाला आणि पाटावर बसला. धाकूने लुगड्याकडे एकदा बघितलं, खांद्यावर फावडं घेतलं आणि आगरावर निघून गेला.

ओवाळायला सुपारी लागते. घरात ती एकच होती, ठमाबाईची. तीच घेतली. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी त्याच्या तोंडावरून फिरवली. मग निरांजन उचललं. तर हा दिव्याकडे बघेना. माझ्या कडेवर वाढलेलं पोर ते, त्याची मान कधी का खाली जाते हे मला नाही कळणार?

"राघो, वर बघ. दिव्यासमोर हायेस. शेटला वेळ कोणी सांगितली?"

तो म्हणाला, "बाय, त्याने फक्त विचारलं. पाडव्याला भरती कधी, आणि गडी बांधावर किती वेळ अडकतात. मी सांगितलं. भरती काय कोणाची चोरून ठेवायची वस्तू हाय? खाडीला विचारलं असतं तर तिनेही सांगितलं असतं."

"खाडी माझ्या घरी जेवायला येत नाय," मी म्हणाले. "काय दिलं त्याने?"

"बंदरात मचव्याला धक्क्यालगतची जागा. बाय, माझी तीन पोरं हायेत. आणि दाजी मेंबर होऊन काय होणार होतं? पेठ त्याला खुर्ची तरी देणार होती का?"

निरांजन कललं, तेल पाटावर सांडलं. त्याच्या तोंडावर निरांजन फेकावं असं वाटलं, देवाशपथ सांगते. माझ्या नवऱ्याच्या नावावर वाडीचं पाणी होतं, आणि ते ह्याने मचवा बांधायच्या जागेसाठी विकलं, तेही माझ्या हातचं कालवण मागून घेऊन. आणि मी काल सगळ्यांसमोर कोणाला सोलून काढलं होतं?

तेवढ्यात दारात सावली आली. नाथा होता. उंबऱ्याबाहेरच उभा. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. "बायजा," म्हणाला, "भाऊबिजेचा दिवस हाय, खोटं बोललो तर माझी पोरं मरतील. मी नव्हतो. तू एकदा वाडीला सांग, की मी नव्हतो. बाकी मला काय नको."

राघोने माझ्याकडे बघितलं. अगदी तसंच, जसं लहानपणी मडकं फोडल्यावर बघायचा.

माझी जीभ साऱ्या वाडीला पुरून उरते. तळ्यावरच्या बायका तिला भितात. ती जीभ त्या दिवशी टाळूला चिकटली. मी नाथाला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. निरांजन तसंच भावापुढे फिरवत राहिले. नाथा थोडा वेळ थांबला आणि गेला. मग मी राघोच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि म्हणाले, "शंभर वर्षं जग. दर पाडव्याला भरती बघायला जग." तो माझ्या पाया पडला. जेवून गेला.

ते लुगडं मी एकदाही नेसले नाही. नाथाला वाडीने वाळीत टाकलं असं नाही, पण त्याच्या पंगतीला कोणी बसेना, उघाडीवर त्याच्यासोबत कोणी उभं राहीना. त्याच्या मुलीच्या लग्नाला वाडीतून तीन माणसं गेली. दरवर्षी भाऊबिजेला राघो येतो, मी ओवाळते, आणि नाथाच्या दारावरून जाताना मान खाली घालते. पुढे दोनदा निवडणूक झाली, दोन्हीदा पेठेने तबकं मांडली. आमच्यातून कोणी उभं राहिलं नाही, सुपारी ठेवायलाही कोणी गेलं नाही. विहीर अजून मचूळच आहे.

गेल्या महिन्यात नाथा तापाने गेला. तेराव्यानंतर मी पेटीतून ती सुपारी काढली, ठमाबाईकडे गेले आणि तिला माझ्या भावाचं नाव सांगितलं. सगळं सांगितलं, दिव्यासकट, नाथाच्या सावलीसकट. वाटलं होतं, शिव्या देईल, झिंज्या उपटील. ती तांदूळ निवडत होती. सुपारीकडे बघून म्हणाली, "आता कशाला आणलीस?" आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. सुपारी माझ्याच हातात राहिली.

घरी आले. धाकू ओट्यावर टोपलीचा काठ विणत होता. आता त्याला नीट दिसत नाही, बोटांनीच विणतो. त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "वेळ नाथाने नव्हती सांगितली. राघोने सांगितली होती."

त्याचे हात थांबले नाहीत. म्हणाला, "ठाऊक हाय. त्या लुगड्याचा काठ बघितला तेव्हाच कळलं. तो माल त्या दिवाळीत शेटच्याच दुकानात होता. आणि नाथा तर उघाडीवर माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता."

चौदा वर्षं! माझ्याच घरात, माझ्याच शेजारी झोपणारा माणूस! मी ओरडले, "मग बोलला का नाय तुम्ही? त्याच्या तोंडावर त्याला एकदा तरी म्हणायचं होतं, तू नव्हतास म्हणून!"

धाकूने टोपली खाली ठेवली.

"तू बोललीस?" म्हणाला.